न मेलेली राक्षसीण

डब्यात दोन भाकऱ्या होत्या, दोडक्याची भाजी होती, आणि दोन भाकऱ्यांच्या मध्ये चार पदरी घडी घातलेला एक कागद होता. मी तो उलगडून टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताने सपाट केला. अक्षर माझ्या भावजयीचं होतं, बारीक आणि सरळ. पहिली ओळ होती : 'लामिया. ग्रीस. लहान मुलं खाते.' दुसरी : 'यामाउबा. जपान. डोंगरात वाट चुकलेल्यांना खाते.' तिसरी : 'बाबायागा. रशिया. कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या घरात राहते. हाती लागेल त्याला खाते.'

"आज पथ्याचं जेवण दिसत नाही," समोरच्या टेबलावरून गुरव म्हणाले.

नगरपालिकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला उलटा कागद सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतो. मी कागद डब्याखाली सरकवला.

"केतकीने पाठवलाय," मी म्हणाले. "नावं आहेत. बाळासाठी."

गुरवांचा घास हातातच राहिला. त्यांनी बराच विचार केला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्यातल्या त्यात लामिया बरं वाटतंय. बाकीची जड आहेत."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि गडहिंग्लजला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसत होते. गावात कोण आलं आणि कोण गेलं हे देवाच्या खालोखाल मला कळायचं. नावांचा तर मला वीट आला होता. एकट्या जुलैत सहा आराध्या आणि पाच स्वरा माझ्या हातून जगात आल्या होत्या. एका गृहस्थांना जगात कुणाचंच नसेल असं नाव हवं होतं. महिनाभर शोध करून त्यांनी ते आणलं, तेव्हा त्याच नावाची तिसरी मुलगी मी त्या आठवड्यात लिहीत होते. पण राक्षसिणींच्या नावांची यादी घेऊन खिडकीवर कुणी आलं नव्हतं. ती आमच्याच घरातून यायची होती.

आमच्या कुराड्यांच्या घरात मुलीला दोन नावं असतात. एक जगासाठी, ते रजिस्टरात जातं. दुसरं कानातलं. बारशाला आत्या पाळण्यात वाकते तेव्हा जगातलं नाव सांगून झालं की हळूच हे दुसरं सांगते, आणि हे राक्षसिणीचंच असावं लागतं. फार पूर्वी आमच्यात एकामागून एक मुली जात होत्या म्हणे. तेव्हा कुणा शहाण्या आत्येने युक्ती काढली. मरण दारात आलं की आधी विचारतं, आत कोण आहे? आतून 'ताटका' असं उत्तर आलं की ते चप्पल न काढताच माघारी फिरतं. हे नाव तिघींनाच ठाऊक असायचं : जिच्या कानात गेलं ती, सांगणारी आत्या, आणि त्या आत्येची आत्या. आईलाही सांगायचं नाही. मुलीला ते पुन्हा सांगायचं ते ती सासरी निघताना, गाडीत बसल्यावर. आणि एक नाव एका वेळी एकीलाच द्यायचं, कारण एक राक्षसीण एकाच दारावर पहारा करू शकते.

मी सासरी गेले नाही. तीन-चार स्थळं आली, चहा-पोहे झाले, नंतर मीच कंटाळले. त्यामुळे माझं कानातलं नाव मला कुणी सांगितलंच नाही. ते फक्त हौसाआत्येला माहीत होतं. हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून घर तिच्याच हुकमावर चालायला लागलं. मी एकदा तिला विचारलं होतं. "गाडीत बस, मग सांगतो," असं म्हणून तिने विषय संपवला.

आता माझा धाकटा भाऊ संग्राम याच्या मुलीचं बारसं रविवारी होतं आणि आत्या मी होते.

संग्राम-केतकीची ही दुसरी मुलगी. पहिली नऊ दिवस जगली. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणजे तिला कुठलंच नाव मिळालं नाही, जगातलं नाही आणि कानातलंही नाही. तिच्या दोन्ही नोंदी मीच केल्या. जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना मोकळा ठेवता येतो, पुढे भरता येतो. मृत्यूच्या नोंदीत मोकळा ठेवून भागत नाही. मी 'केतकी संग्राम कुराडे यांची मुलगी' असं लिहिलं, सही केली आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. गुरवांनी त्या दिवशी खिडकी ओढून घेतली आणि बाहेरच्या लोकांना सांगितलं, मॅडमना बरं नाही, उद्या या.

कागद आला तो दिवस गुरुवार होता आणि या बाळाचा नववा. यादीच्या शेवटी केतकीने लिहिलं होतं : 'ताई, यातल्या ज्या मेलेल्या नाहीत त्यांच्याखाली रेघ मारली आहे.'

संध्याकाळी घरी पोचले. आमचं घर बसस्टँडच्या मागे, खाली संग्रामचं मिरची कांडप आणि वर आम्ही. आमच्याकडे पाहुणे शिंकतच जिना चढतात. संग्राम खाली पोत्यांच्या मधे उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता की फुग्यांचा रंग अबोलीच पाहिजे, गुलाबी चालणार नाही. त्याच्या लेखी नावाचा प्रश्न मिटलेला होता. 'अन्वी' हे नाव त्याने पत्रिकेवर छापून दोनशे घरी वाटलंही होतं. कानातल्या नावाबद्दल आमच्या घरातल्या पुरुषांना काही माहीत नसतं.

वर स्वयंपाकघरात हौसाआत्या खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होती. केतकी दाराशी खुर्चीवर बाळाला घेऊन बसली होती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होतं. बाळाला रोज तेल लावता लावता आत्येने कानातल्या नावाची सगळी कथा तिला ऐकवली होती आणि आता त्याचं फळ भोगत होती.

"ताई, वाचलंत?" केतकीने विचारलं.

"वाचलं. गुरवांनीही वाचलं."

"माझा या कशावर विश्वास नाही, हे आधी सांगते." केतकी फार्मसी शिकलेली. ती असंच बोलते, बाटलीवरची सूचना वाचून दाखवावी तशी. "पण करायचंच आहे तर नीट करू. मुदत संपलेली गोळी देऊन काय उपयोग? आत्याबाई ज्या सांगतात त्यातली एकही धड नाही. ताटका रामाने मारली. पुतना कृष्णाने मारली. सिंहिकेला मारुतीने मारलं. होलिका जळाली. शूर्पणखेचं नाक गेलं."

"हिडिंबा हाय की," आत्या म्हणाली. "तिला कुणी मारलं न्हाई."

"नवरा सोडून गेला आणि मुलगा लढाईत गेला. असलं नशीब मी माझ्या मुलीच्या कानात घालू?"

आत्येने बत्ता जोरात हाणला. "मेल्या तर मेल्या. त्यानं काय हुतंय? मला पुतना दिलंय. कृष्णानं तिचा जीव शोषून घेतला. म्हणून मी मेले काय? दोन ऑपरेशनं झाली, इंचू चावला, नवरा गेला, दीर गेला, मी हाय तशी हाय."

मग ती थांबली. तिने हाताचा पंजा तोंडावर ठेवला. एकाहत्तर वर्षं जपलेलं नाव शेंगदाण्याच्या कुटावर सांडलं होतं. आम्ही दोघींनी खाली बघितलं. केतकीचे खांदे हलत होते. तिला हसू आवरत नव्हतं आणि टाके दुखत होते.

"हसू नगंस," आत्या म्हणाली. "दूध तुटंल."

मी यादी काढून वाचायला घेतली, म्हणजे आत्येला अवघडल्यासारखं व्हायला नको. मेदुसा, ग्रीस, डोक्यावर केसांऐवजी साप, मान कापली गेली. आत्या म्हणाली, "बरं झालं. तिची वेणी कोण घालणार?" लिलिथ, हिच्याखाली रेघ होती. नवऱ्याच्या हाताखाली राहायचं नाही म्हणून ही घर सोडून गेली आणि कधी मेली नाही.

"त्यासाठी राक्षसीण कशाला व्हाय पाहिजे?" आत्या म्हणाली. "आपल्या गल्लीत अशा तीन हायत."

"पण ती बाळंतिणीच्या खोलीत शिरते, असंही पुढे लिहिलेलं होतं," केतकी म्हणाली. "खोडा तिला. रंगदा बघा. बाली बेटावरची. दर वर्षी तिची देवांशी लढाई होते आणि दर वर्षी अर्धी राहते. ती हरतच नाही."

"रंगदा," मी म्हणून बघितलं. "गोड आहे गं."

"आहे ना? मग अर्थ शोधला. विधवा." केतकीने सुस्कारा टाकला. "आता बाबायागाच उरली."

आत्येने खलबत्ता बाजूला सारला आणि पदराने हात पुसले. तिने असे हात पुसले की समोरच्याने गप्प बसायचं असतं. "मला एक सांग केतके. ह्या बाईला मराठी येतंय का? मरण दारात आलं, म्हणालं, कोण हाय आत? तर ही रशियातलं कायतरी बोलणार. त्याला समजायचं न्हाई. मग ते आत येऊन बघंल की."

विश्वास नसलेल्या बाईला आणि नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याला हा मुद्दा बिनतोड वाटला, यावरून आमची त्या दिवशीची अवस्था लक्षात यावी.

केतकी बाळाच्या पाठीवर हात फिरवत बसली. तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे देव्हाऱ्याशेजारी जिवतीचा कागद होता. आखाडी अवसेला तो चिकटवला होता. पुढे लगेच बाळ झालं, सोयर लागलं आणि पूजा राहून गेली, पण कागद होता तिथेच होता. वर नरसिंह, त्याखाली कालियावर नाचणारा कृष्ण, आणि त्याखाली पोराबाळांनी वेढलेल्या दोन बायका.

"या दोघी कोण?" केतकीने विचारलं.

"जरा आणि जिवंतिका," मी म्हणाले. "मुलांना सांभाळतात. श्रावणात शुक्रवारी आया यांची पूजा करतात आणि मुलांना ओवाळतात."

"जरा म्हणजे जरासंधाची जरा? ती तर राक्षसीण."

मी आत्येकडे बघितलं. आत्येने खलबत्ता परत पुढे ओढला होता. सांगण्याची पाळी माझ्यावरच आली. मी सांगितलं, की एका राजाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल झालं. घाबरून ते दोन तुकडे त्यांनी वेशीबाहेर टाकायला लावले. तिथे ही जरा आली, खायला काही मिळतंय का बघत. न्यायला सोपे जावेत म्हणून तिने दोन तुकडे एकमेकांना लावले, आणि मूल जोडलं गेलं आणि रडायला लागलं.

"मग खाल्लं तिने?"

"नाही. नेऊन आईबापांना दिलं."

"खायला आली होती आणि परत दिलं," केतकी हळूच म्हणाली. "मग पुढे तिला कुणी मारलं?"

"तिला कोण मारतंय?" आत्येच्या तोंडून निघून गेलं. "मारलं असतं तर अशी पोरं घेऊन भिंतीवर बसली असती व्हय?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. केतकीने माझ्या हातातली यादी घेतली, तिची घडी केली आणि बाळाच्या दुपट्यात खोचली. तिचे डोळे भरले होते.

"ती नगं," आत्या म्हणाली.

"का?"

"नगं म्हंजे नगं. तिची पूजा करतोय आपण. पूजेतलं नाव कानात घालत न्हाईत."

"लोक लक्ष्मी ठेवतात, पार्वती ठेवतात."

"त्या काय राक्षसिणी हायत?" आत्येचा आवाज चढला. तिच्या बोलण्याला बूड नव्हतं हे तिलाही कळत होतं, आणि असं कधी होत नसे. ती माझ्याकडे वळली. "वैजू, तू सुरसा दे. मारुती तिच्या तोंडात शिरून भाईर आला. तिला मारलं न्हाई, उलट पाया पडून गेला. सुरसा दे. देवासमोर सांग मला."

मी देवासमोर सांगितलं. सुरसा देते म्हणाले.

जेवण झाल्यावर मी केतकीच्या खोलीत गेले. ती बाळाच्या पोटावर पंजा ठेवून बसली होती. पहिलीच्या वेळी ती नवव्या दिवशी संध्याकाळी घटकाभर झोपली होती. उठली तेव्हा सगळं झालेलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

"काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मला सांगू नका. नियम आहे ना? फक्त असं काहीतरी द्या, की मला झोप लागेल."

शुक्रवारी सकाळी बाळ दहाव्या दिवसात गेलं आणि भूक लागली म्हणून त्याने सगळं घर डोक्यावर घेतलं. केतकी जागीच होती. तिचा हात अजून तिथेच होता.

रविवारी बारसं झालं. अबोली फुगे आले, 'अन्वी' अशी अक्षरं भिंतीवर लागली, घुगऱ्यांचं पातेलं जिन्यातून वर चढवताना दोघांना शिंका आल्या. वरवंट्याला कुंची घालून आधी त्याला पाळण्याखालून फिरवलं, मग बाळाला. मग बायका माझ्या भोवती जमल्या. आत्या कानात नाव सांगते तेव्हा मागून तिच्या पाठीत बुक्क्या घालायची पद्धत आहे. बहुतेक ठिकाणी तो लटका प्रकार असतो. पण आमच्याकडे शेवंताकाकू होती. ती अठरा वर्षं आमच्या कांडपावर कामाला. यंत्र येण्याच्या आधीपासून तिने मिरची हाताने कांडलेली.

मी पाळण्यात वाकले. 'अन्वी' असं मोठ्याने सांगितलं, बायकांनी पाळण्याचं गाणं उचललं आणि पहिली बुक्की बसली. ती कुणाची ते वळून बघायची गरज नव्हती. मग मी आणखी खाली वाकले. बाळ जागं होतं. माझ्या कानातला डूल त्याने मुठीत धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू खिडकीवर त्याचाच नंबर आला होता. मला तो मोकळा रकाना आठवला. मला केतकीचा पंजा आठवला. 'सु' माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात शेवंताकाकूची दुसरी बुक्की बसली, आणि पोटात होतं ते ओठांवर आलं. मी म्हणाले, "जरा."

आजवर मी याचा दोष शेवंताकाकूला देत आले. पण खरं सांगायचं तर 'जरा'च्या वेळी बुक्की एकच बसली आणि नाव मी तीनदा सांगितलं.

नियम असा, की नाव सांगून झालं की आत्येने तिच्या आत्येला ते कळवायचं. बायका घुगऱ्यांकडे वळल्या तसा हौसाआत्येने माझा दंड धरला आणि मला खाली मिरचीच्या खोलीत नेलं. तिथे कुणी येत नाही. संकेश्वरी मिरचीची पोती छपरापर्यंत रचलेली होती.

"दिलंस?"

"दिलं."

"सुरसा?"

मी पोत्याची सुतळी घट्ट करायला लागले. आत्येने माझ्याकडे बघितलं आणि ती एका पोत्यावर बसली.

"जरा दिलं," मी म्हणाले. "चुकलं माझं. देवासमोर सांगितलं होतं. पण केतकीला तीच हवी होती, आणि मलाही. तू का नको म्हणालीस ते तू सांगितलंच नाहीस."

"कसं सांगणार हुते?" आत्या म्हणाली. "ते तुझं हाय."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मीही समोरच्या पोत्यावर बसले.

"तू सातव्या महिन्यात झालीस," आत्या सांगत होती, माझ्याकडे न बघता. "तळव्यावर मावायचीस. डॉक्टर म्हणाला, आठ दिस काढंल. तुझी आई रडून रडून आंधळी व्हायची वेळ आली. मी म्हटलं, हे ताटका-पुतनेचं काम न्हवं. जी तुकडं जोडून लेकरू आईला परत देती, तिलाच बोलवाय पाहिजे. तिच्या नावातच म्हातारपण हाय. म्हटलं, ही पोरगी म्हातारी झाल्याबगर जायची न्हाई. तुझ्या बारशाला मी नाव सांगितलं आन दुसऱ्या दिशीपासनं तू दूध प्यायला लागलीस."

अडतीस वर्षं मी धरून चालले होते, की माझ्या वाट्याला कुठलंतरी उरलंसुरलं नाव आलं असेल. गाडीत बसले नाही म्हणून ते सांगण्याच्याही लायकीचं राहिलं नाही, असंही कधी कधी वाटायचं. आणि सगळ्यांत भारी राक्षसीण इतकी वर्षं माझ्या दारात उभी होती. मला रडू आलं. ते मिरचीने आलं, असं आम्ही दोघींनी मानून घेतलं.

"मग आता गं?" मी विचारलं. "एक नाव एकीलाच ना? मी सोडते माझं. मला काय, मी धडधाकट आहे. सगळा पहारा तिच्याकडे जाऊ दे."

"सोडतीस? कानात गेल्यालं नाव काय चप्पल हाय, दारात काढून ठेवाय?" आत्या चिडली होती. "आता एक राक्षसीण आन दोन दारं. मरण एकीच्या दारात आलं आन ही दुसरीकडं बसली असली तर? काय करून ठेवलंस हे?"

तिला खरंच भीती वाटत होती. मलाही वाटत होती. वर अन्वीच्या नावाने टाळ्या वाजत होत्या आणि खाली आम्ही दोघी पोत्यांवर बसून एका राक्षसिणीच्या कामाची वाटणी कशी करावी ते बघत होतो. मी म्हणाले, मी साडेदहा ते सहा ऑफिसात असते, तिथे गुरव आहेत, तेवढा वेळ तिने बाळाकडे बसावं. आत्येला हे पटलं नाही. मरण काय ऑफिसची वेळ बघून येतं का, ती म्हणाली.

मग ती एकदम उठली आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरात तिने चष्मा लावला आणि जिवतीच्या कागदाला नाक लावून उभी राहिली. बोट लावत तिने मोजलं.

"एक मांडीवर. एक खांद्याशी. हे पाळण्यातलं. ही दोन पायाशी खेळत्यात." ती वळली. चष्म्यामागे तिचे डोळे मोठे दिसत होते. "पाच पोरं अंगावर घेऊन बसलीया बया. तुम्ही दोघी तिला काय जड हाय?"

"पण नियम?"

"नियम पुतना-ताटकेला. हिला न्हाई." आत्येने चष्मा काढून पदराला पुसला. "तसं तुला लेकरू न्हाई. नाव तरी वाटून घे कुणाशी."

हे बोलून ती घुगऱ्या वाढायला निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. केतकीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाळ झोपलं होतं आणि त्याच्याशेजारी, बाराव्या दिवशी भर दुपारी, दोनशे पाहुण्यांच्या गोंधळात, केतकी तोंड उघडं टाकून घोरत होती. संग्राम तिला फोटोसाठी उठवायला आला, तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

हौसाआत्या ब्याऐंशीव्या वर्षी गेली. पुतनेने तिला काही कमी दिवस दिले नाहीत. मध्यंतरी नातवाच्या दाखल्यासाठी खिडकीवर एक निवृत्त शिक्षक आले होते. बोलता बोलता त्यांनी मला सांगितलं, की महाभारतात एके ठिकाणी जरा राक्षसीणही मेल्याचं लिहिलेलं आहे. मी त्यांना दाखला दिला आणि पुढचा नंबर पुकारला. ते मी घरी सांगितलेलं नाही. गुरवांनाही नाही.

पण शेवट सांगायचा तो बारशाच्या पुढच्या वर्षीच्या श्रावणातला. पहिल्या शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर पुरणाचा वास जिन्यापर्यंत आला होता. देव्हाऱ्यापुढे नवा जिवतीचा कागद, त्याला आघाड्याची माळ, आणि खाली दोन पाट. एकावर एक वर्षाची अन्वी बसली होती आणि पाटावरचं कुंकू चाटायच्या प्रयत्नात होती. दुसरा मोकळा होता.

"ताई, पाय धुवा आणि बसा," केतकी म्हणाली.

"मी कशाला? हे मुलांचं असतं."

"बसा म्हणते ना."

मी आत्येकडे बघितलं. ती मुद्दाम छताकडे बघत होती. "तुला कुणी सांगितलं?" मी केतकीला विचारलं.

"काय सांगितलं? मला काही माहीत नाही. मला माहीत असायचं नसतं." केतकी पुरणाचे दिवे पेटवत होती. तिने मान वर केली नाही. "माझा विश्वासही नाही."

संग्राम दारात उभा राहून विचारत होता की ताईला का ओवाळताय आणि जेवायला किती वेळ आहे. मी एकोणचाळीस वर्षांची बाई, ऑफिसच्या साडीत, लहान मुलांच्या पाटावर कशीबशी बसले. अन्वीने माझा डूल धरला. केतकीने आमच्या दोघींच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ताम्हण उचललं. मला वाटलं, आधी तिला ओवाळेल आणि मग मला. तिने हात लांब केले आणि आम्हा दोघींभोवती मिळून एकदाच फिरवलं.